मथुरे मास्तरांच्या दोन प्रती

दर महिन्याच्या सात तारखेला घाटकोपरहून मुलुंडला एक पोस्टकार्ड यायचं. मथुरे मास्तरांचे सासरे भाऊ ते पाठवत. घाटकोपर ते मुलुंड अंतर ते काय. भाऊ मनात आणते तर संध्याकाळी फिरायला निघून स्वतःच विचारून गेले असते. पण तीस वर्षं हेडक्लार्की केल्यामुळे, तोंडी विचारलं तर माणूस बगल देतो आणि लेखी विचारलं तर देऊ शकत नाही, असा त्यांचा ठाम विश्वास होता. कार्डावरचा मजकूर ठरलेला असे. 'चि. नंदकिशोर यांस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. प्रबंधाची प्रगती कळवावी.' चार वर्षांपूर्वी मास्तरांना मुलगी झाली तेव्हाच काय तो त्यात फरक पडला होता. 'कन्यारत्न झाल्याचे कळले. आनंद झाला. प्रबंधाची प्रगती कळवावी.'

हा प्रबंध जन्माला आला तो कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात. पोहे संपले होते, मुलीला विचारायचे प्रश्न संपले होते, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या वेळचे तरुण मथुरे बोलून गेले, "पुढे प्रबंध लिहिण्याचा विचार आहे." भाऊंनी मान डोलावली. मथुऱ्यांना वाटलं, विषय संपला. हेडक्लार्कच्या लेखी कुठलाही विषय संपत नसतो, तो प्रलंबित राहतो, हे त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या सात तारखेला समजलं.

त्यानंतरच्या नऊ वर्षांत मास्तरांनी अकरा विषय योजले. काहींवर आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं. काही इतके भव्य होते की त्यांचं शीर्षक लिहून होईपर्यंतच मास्तरांना थकवा येई. भाऊंना उत्तर जाई ते 'वाचन चालू आहे' असं. ते खोटंही नव्हतं. मुलुंडच्या हायस्कुलात मराठी शिकवणारा माणूस वर्षाला सहाशे निबंध वाचतो.

आणि मग छप्पन सालच्या जूनमध्ये विद्यापीठाचं एक परिपत्रक शाळेत येऊन पडलं. एम.ए. झाल्यापासून दहा वर्षांच्या आत ज्याने पीएच.डी.साठी नाव नोंदवलं नाही, त्याला ते पुढे कधीही नोंदवता येणार नाही. मास्तर एम.ए. झाले होते सेहेचाळीस साली. शेवटची तारीख एकतीस जुलै. म्हणजे ऑगस्टच्या सात तारखेला भाऊंच्या कार्डाला खरं उत्तर द्यावं लागणार होतं. मास्तरांनी ते परिपत्रक पुन्हा एकदा वाचलं, त्यात सवयीने एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि ते नववी 'ब'च्या वर्गावर गेले.

विषय सापडला तो त्याच आठवड्यात, शाळेच्या नव्या घंटेमुळे. जुनी घंटा तडकली होती म्हणून नवी पितळी घंटा आणली होती, आणि ती वाजवायची कुणी, तर धाकूने. धाकू परब हा शाळेचा शिपाई. मूळचा मालवणकडचा, वीस वर्षं परळच्या गिरणीत काढून मग शाळेत लागला होता आणि शाळेमागच्या खोलीत राहत होता. नारळ फोडून झाल्यावर मुख्याध्यापक आत गेले आणि धाकूने डोक्यावरची टोपी सारखी करून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, बारा वेशीच्या, बारा वाटेच्या धन्या, ही तुजी लेकरां आज तुज्या फुडे उभी आसत..."

नववी 'ब'च्या पोरांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. त्यांतली निम्मी कोकणातल्या घरांतली. प्रत्येक वाक्याअखेर "व्हय म्हाराजा" असा एकमुखी घोष सुरू झाला. मास्तर रागावून बाहेर आले ते हे बंद पाडायला. पण येऊन उभे राहिले ते राहिलेच. धाकूने आपल्या गावच्या देवाचं नाव घेतलं, मग मुलुंडच्या जागेवाल्याचं, म्हणजे तिथल्या स्थळदेवाचं, मग फाटकाशी बसणाऱ्या अदृश्य राखणदाराचं, मग कडुलिंबाचं, मग मुख्याध्यापकांचं आणि व्यवस्थापक मंडळाचं. जुन्या घंटेला वाईट वाटू नये म्हणून तिचंही नाव घेतलं. एवढ्या सगळ्यांना पुढे उभं करून मग शेवटी हळूच मागणं मागितलं, की ही घंटा तडकू नये आणि पोरं वेळेवर यावीत.

मास्तरांच्या अंगावर काटा आला. हा तर अर्ज होता. साधासुधा नव्हे, योग्य त्या सर्व कचेऱ्यांमार्फत, मानाच्या क्रमाने पाठवलेला अर्ज. यात भाषा होती, समाज होता, धर्म होता, कायदाही होता. शिवाय यावर कुणीही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे खडूच्या पेटीवर शीर्षक लिहिलं: 'कोकणातील गाऱ्हाणे: भाषा आणि समाज यांच्या सांध्यावरील एक अभ्यास.' आयुष्यात पहिल्यांदा शीर्षक लिहून त्यांना थकवा आला नाही.

शेजारच्या बिऱ्हाडात श्यामसुंदर राहत असे. तो सचिवालयात होता आणि फायलींच्या बाबतीत सगळी चाळ त्याचा सल्ला घेई. तो हसून म्हणाला, "नंदू, यार, तिकडे ट्रॉम्बेला लोक अणू फोडायला निघालेत आणि तू गाऱ्हाणं फोडणार? पण झकास आहे. एक लक्षात ठेव. कुठल्याही कचेरीत खिडकीवरच्या माणसाशी बोलायचं नाही. खिडकीवरचा माणूस फक्त 'नाही' म्हणायला बसवलेला असतो. सरळ आत साहेबाकडे जायचं."

मास्तरांनी तो सल्ला तंतोतंत पाळला. पुढच्या तीन आठवड्यांत ते फोर्टातल्या विद्यापीठाच्या कचेरीत अकरा वेळा गेले आणि चार नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाकडे त्यांनी एकदाही मान वर करून बघितलं नाही. फॉर्म घ्यायचा तेव्हा खिडकीतून हात आत घातला आणि फॉर्म आला तसा बाहेर काढला.

मराठीचे प्राध्यापक अनंत वझरकर यांनी रूपरेषा वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. "विषय उत्तम आहे," ते म्हणाले. "मात्र यात निम्मा समाज आहे. तो माझा नव्हे. समाजशास्त्राच्या मालपेकर बाईंची सही लागेल. दोन खात्यांचा विषय असला की दोन मार्गदर्शक."

"आणि आपली सही, सर?"

"करतो की. वरच्या ओळीत."

फॉर्मच्या तळाशी सह्यांसाठी दोन ओळी होत्या, एकीखाली एक. मास्तरांनी त्या तोवर निरखल्या नव्हत्या. डॉ. जयंतीबाई मालपेकरांनी मात्र पहिल्यांदा त्याच बघितल्या. रूपरेषा त्यांनी नंतर वाचली, आणि त्यांनाही ती आवडली. "फारच छान. मी आनंदाने सही करीन," त्या म्हणाल्या. "वरच्या ओळीत."

"वझरकर सर म्हणत होते, की भाषा आधी."

"असं म्हणाले? चार माणसं एकत्र आल्याशिवाय माणूस बोलणार कुणाशी? समाज आधी."

हा निरोप मास्तरांनी वझरकरांना सांगितला. वझरकर म्हणाले, "बोलताच येत नसेल तर ती चार माणसं एकत्र येऊन करणार काय?" तो निरोप मास्तरांनी मालपेकर बाईंना सांगितला. बाईंनी त्यावर अर्धा तास दिला. एका आठवड्यात मास्तरांनी मानवजातीच्या उगमाचे सात सिद्धांत दोन जिने वर आणि दोन जिने खाली वाहिले. ज्ञानात मोलाची भर पडली, सही मात्र एकही पडली नाही. जुलैची अठरा तारीख उजाडली.

"त्यात काय आहे?" श्यामसुंदर म्हणाला. "पहिला फॉर्म हरवला म्हणून साहेबाकडून दुसरा घे. एकावर वझरकरांची सही वर घे, दुसऱ्यावर बाईंची. मग दोन्ही घेऊन दोघांकडे जा. आधी जो नरमेल तो खाली सही करेल. उरलेला फॉर्म फाडून टाक. सचिवालयात आम्ही रोज हेच करतो."

मास्तरांची पत्नी मृणालिनी हिचं अक्षर मोत्यासारखं होतं, त्यामुळे रूपरेषेच्या प्रती तीच करत असे. तिने एकदा विचारलं, "अहो, दोन कशाला?" मास्तर म्हणाले, "ही कचेरीतली पद्धत आहे. तुला नाही कळायची." हेडक्लार्कच्या मुलीला हे वाक्य सुनावण्याइतका तो माणूस त्या दिवसांत बहकला होता.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं, एक गोष्ट सोडून. वझरकरांनी वर सही केली आणि म्हणाले, "तुम्ही कशाला तंगडतोड करता? खालची सही कचेरी आणून घेईल." त्यांनी फॉर्म आपल्या शिपायाबरोबर थेट कचेरीत धाडून दिला. मास्तर जिना चढून मालपेकर बाईंकडे गेले. बाईंनीही वर सही केली, आणि दुसऱ्याला त्रास न देण्याच्या बाबतीत त्या वझरकरांच्या तोडीच्या निघाल्या. दोन्ही फॉर्म एकाच दुपारी, दहा मिनिटांच्या अंतराने, चार नंबरच्या खिडकीत जाऊन पडले.

पंचवीस तारखेला पोस्टमन दोन रजिस्टर पत्रं घेऊन आला. दोन्हींवर नाव 'श्री. नंदकिशोर गणेश मथुरे'. एकावर उमेदवार क्रमांक २०७, दुसऱ्यावर २०८. मास्तर शाळेत होते. पोस्टमन नवा आणि काटेकोर होता. एका माणसाची सही एकाच पत्रावर चालेल, दुसऱ्या मथुऱ्यांना बोलवा, म्हणू लागला. मृणालिनीच्या हातात उलथनं होतं आणि तव्यावर पोळी होती. तिने दोन्हीकडे सह्या केल्या आणि ती आत गेली. पोस्टमनने पावत्यांवर आपल्या मते शेरे लिहिले: 'पत्नीने घेतले' आणि 'भावजयीने घेतले'.

पत्र एकच होतं, दोनदा लिहिलेलं. 'आपण व अन्य एक उमेदवार यांच्या विषयाचे शीर्षक, रूपरेषा, जन्मतारीख आणि शुद्धलेखनाच्या तीन चुका तंतोतंत सारख्या आढळल्या आहेत. हा वाङ्मयचौर्याचा प्रकार दिसतो. कोणी कोणाचे उचलले याचा खुलासा करण्यासाठी उभयतांनी दि. ३१ जुलै रोजी दुपारी तीन वाजता समितीपुढे समक्ष हजर राहावे. खुलासा समाधानकारक नसल्यास दोन्ही अर्ज रद्द होतील.'

मास्तर खुर्चीत बसले.

"चोरी म्हणतात का?" मृणालिनीने विचारलं.

"चोरीचं सोड," मास्तर कसेबसे म्हणाले. "शुद्धलेखनाच्या तीन चुका?"

"त्या दिसल्या होत्या मला उतरवताना. पण म्हटलं, मराठीचे मास्तर तुम्ही. कचेरीतली पद्धत असेल." मग ती उठली आणि दारातून मागे वळून म्हणाली, "पानं किती घेऊ? एक का दोन?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी चाळभर झाली आणि सल्ले येऊ लागले. वरच्या मजल्यावरच्या प्रेमाकाकू म्हणाल्या, की दोघांपैकी एक गावी गेला म्हणून सांगायचं. श्यामसुंदरला ते पोरकट वाटलं. "गावी गेलेला माणूस परत येतो. फाईल उघडीच राहते," तो म्हणाला. "दोनशेआठ वारला म्हणून कळव. विषय कायमचा मिटेल."

"मृत्यूचा दाखला कोण देईल?"

"त्याचा वेगळा फॉर्म असतो."

मास्तर इतके खचले होते की त्यांनी खरोखरच 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' एवढं लिहिलं. मग, आपल्या निधनाचं दुःख आपणच कळवणं मराठीच्या शिष्टाचारात बसतं की नाही, याचा विचार करत बसले. मृणालिनीने कागद हातातून काढून घेतला आणि त्यात मुलीसाठी लाह्या बांधल्या. "एक मथुरे पुरे झाले मला, पण तेही घालवायचे नाहीयेत," ती म्हणाली. "ज्याच्यावर प्रबंध लिहिताय त्याला विचारलंत का काही?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. संशोधनात असं होतं. ज्याचा अभ्यास करायचा तो माणूस सोडून बाकी सगळ्यांना विचारून होतं.

सकाळी शाळेत धाकू घंटेखालच्या बाकावर बसून मास्तरांची सगळी हकीकत ऐकत होता. मध्ये एकदा उठून त्याने तासाचे टोल दिले आणि पुन्हा येऊन बसला. मग म्हणाला, "मास्तरानू, थंयसर राखणदार कोण?"

"राखणदार?"

"दारार कोण बसता?"

"दार नाही रे, खिडकी आहे. तिथे एक कारकून असतो. दत्ताराम की कायसं म्हणतात."

"तेचा नाव घेतलात?"

"त्याचं कशाला घ्यायचं? मी थेट आत..."

धाकूने कपाळावर हात मारला. "थंयच घोटाळो झालो. देवळात जावचा तर आधी राखणदाराक सांगूचा लागता, बाबा रे, मी इलंय म्हणान. तेका टाळून भायरच्या भायर देवाकडे गेलात तर देव तरी कसो पावतलो? देवाक काय म्हायत, तुमी एक की दोन?"

धाकूची गाऱ्हाणी ऐकून मास्तरांनी चाळीस पानं टिपणं काढली होती, आणि त्यात 'राखणदाराचे स्थान' हे एक स्वतंत्र प्रकरण होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढून ते चार नंबरच्या खिडकीशी गेले आणि पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. आत पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा एक गृहस्थ बसला होता. "नमस्कार, दत्तारामजी," मास्तर म्हणाले. "मी मथुरे. मी आलोय."

दत्ताराम त्यांच्याकडे बघत राहिला. "अकरा वेळा आलात," तो म्हणाला. "हात ओळखतो मी तुमचा. तर्जनीला शाईचा डाग आहे. आज तोंड बघितलं."

मास्तरांना मनापासून लाज वाटली. शाळेत मुलांनी नमस्कार केला नाही तर ते वर्गाबाहेर उभं करत. "चुकलं माझं," ते म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

"मला माहीत होतं हो, माणूस एकच आहे ते," दत्ताराम म्हणाला. "पण विचारलंच नाही कुणी. दोन फॉर्म आले, दोन नंबर दिले. आता समितीकडे गेलंय, माझ्या हातात काही नाही." मग त्याने रजिस्टर मिटलं. "रूपरेषा वाचली मी तुमची. माझंही गाव मालवणकडचं, आचऱ्याच्या बाजूला. उमेदवाराला एक साक्षीदार आणता येतो. रूपरेषेतल्या त्या धाकूला आणा."

एकतीस तारखेला तीन वाजता समिती बसली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होते आणि कागदावर जे आहे तेच जगात आहे अशा शिस्तीत त्यांची हयात गेली होती. त्यांच्या एका बाजूला वझरकर आणि दुसऱ्या बाजूला मालपेकर बाई होत्या. भिंतीशी रजिस्टर घेऊन दत्ताराम उभा होता. साडेपाचला रजिस्टर बंद होणार होतं, आणि त्याबरोबर मास्तरांची दहा वर्षंही.

"दोनशेसात?" अध्यक्षांनी पुकारलं.

"हजर," मास्तर म्हणाले.

"दोनशेआठ?"

मास्तर पुन्हा म्हणाले, "हजर."

"एका वेळी एकानेच बोलावं," अध्यक्ष म्हणाले.

मास्तरांनी उभं राहून सगळा प्रकार सांगितला. अध्यक्षांनी पोस्टाच्या पावत्या चाळल्या. "इथे एक पत्र पत्नीने घेतल्याचं दिसतं आणि दुसरं भावजयीने. म्हणजे भाऊ आहे."

"ती एकच आहे, साहेब."

अध्यक्षांनी चष्म्यावरून मास्तरांकडे असं काही बघितलं, की त्यांना घाम फुटला. खुलासा पुढे जावा म्हणून ते घाईघाईने म्हणाले, की फॉर्म दोन झाले ते वरच्या ओळीमुळे. हे म्हणायला नको होतं. वझरकर म्हणाले, हा प्रश्न तत्त्वाचा आहे. बाई म्हणाल्या, तत्त्वाचाच आहे. मग भाषा आधी की समाज आधी हा वाद पुन्हा उगमापासून सुरू झाला आणि दोघांनीही अश्मयुगापाशी पुरेसा वेळ घेतला. चार वाजले. साडेचार वाजले. पाच वाजून गेले तेव्हा अध्यक्षांनी टेबलावर पेन्सिल आपटली. "मुख्य मार्गदर्शक ठरत नसेल तर दोन्ही अर्ज रद्द करण्यावाचून गत्यंतर नाही. कुणाला काही सांगायचंय?"

"साक्षीदार आहे," दत्ताराम भिंतीपासून म्हणाला.

धाकूने आज ठेवणीतला कोट घातला होता. त्याने आधी दत्तारामला हात जोडले, मग समितीला. "साहेबानू, आमच्या गावात पण दोन मानकरी," तो म्हणाला. "पयलो मान कोणाचो, ह्याच्यार भांडण. बारा वर्सां पालखी जाग्यावरसून हलली नाय."

"मग?" अध्यक्षांनी पहिल्यांदाच कागदावरून नजर काढली.

"मगे जाणत्यांनी सांगल्यानी, वर-खाली काय नाय. देवळात मान उजवो नि डावो. दोघांनी देवाच्या दोन बाजूंक उभ्या ऱ्हवाचा."

"उजवीकडे कोण?" वझरकर आणि मालपेकर बाई यांनी एकाच क्षणी विचारलं. गेल्या सहा आठवड्यांत त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

धाकू हसला. हा प्रश्न त्याच्या गावात बारा वर्षं विचारला जात होता. "देव आमच्याकडे तोंड करून बसता. ह्ये सर देवाच्या उजव्या हाताक. आनी बाई आमच्या उजव्या हाताक. दोघवय उजवे. डावो कोणच नाय."

वझरकरांनी अध्यक्षांच्या खुर्चीकडे आणि आपल्या खुर्चीकडे बघितलं. बाईंनी दारातून आपली जागा कशी दिसत असेल याचा अंदाज घेतला. दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान पसरलं, की उजवा मान आपलाच आणि दुसऱ्याच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

"पण फॉर्मवर ओळी वर-खालीच आहेत," अध्यक्ष म्हणाले. "फॉर्म बदलायचा अधिकार समितीला नाही."

तेव्हा दत्ताराम पुढे आला. त्याने एक कोरा फॉर्म टेबलावर ठेवला आणि काही न बोलता तो आडवा फिरवला. एकीखाली एक असलेल्या ओळी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षं चार नंबरच्या खिडकीत बसून त्याने हजारो फॉर्म दिले होते, आणि त्यांतला एकही उभाच भरला पाहिजे असं कुठल्या कलमात लिहिलेलं नाही, हे ठाऊक असणारा तो विद्यापीठातला एकमेव माणूस होता. एका बाजूने वझरकरांनी सही केली, दुसऱ्या बाजूने बाईंनी. सवा पाच झाले होते.

"आता गाऱ्हाणा घालूचा लागतला," धाकू म्हणाला. "नायतर सुटूचा नाय."

कुणी नको म्हणण्याच्या आत त्याने डोळे मिटले होते. "बा देवा म्हाराजा, ह्या थळाच्या धन्या, ह्या खिडकेच्या राखणदारा दत्तारामा..."

"व्हय म्हाराजा," दत्ताराम एकटाच म्हणाला.

"...उजव्या हाताच्या मानकऱ्या, दुसऱ्या उजव्या हाताच्या मानकरणी..."

"होय महाराजा," दोघं प्राध्यापक म्हणाले.

"...ह्या एका मास्तराचे दोन झाले आसत, तेंचो परत एक कर. काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल. तेच्या फॉर्मावर शिक्को पडू दे, म्हाराजा."

"होय महाराजा," अध्यक्ष म्हणाले, आणि मग आपण काय म्हणालो याचा ते विचार करू लागले. तेवढ्यात दत्तारामने रजिस्टरात 'ठराव एकमताने संमत' असं लिहिलं, दोनशेआठवर काट मारली आणि दोनशेसातवर शिक्का उमटवला. साडेपाचाचे टोल पडले ते त्यानंतर.

मास्तरांचे पाय त्या संध्याकाळी जमिनीला लागत नव्हते. धाकूला त्यांनी दोनदा मिठी मारली, दुसरी दोनशेआठच्या वतीने. मुलुंडला उतरल्याबरोबर स्टेशनबाहेरच त्यांनी भाऊंना कार्ड टाकलं, नऊ वर्षांतलं पहिलं खरं कार्ड: 'नोंदणी झाली.' चाळीत पेढे वाटले. हे सगळं आपल्याच सल्ल्याने झालं असं श्यामसुंदर जो भेटेल त्याला सांगत होता, आणि ते एका परीने खरंच होतं.

सात ऑगस्टला भाऊंचं उत्तर आलं. 'नोंदणी झाल्याचे कळले. आनंद झाला. प्रबंधाची प्रगती कळवावी.'

त्याच टपालाने दोन्ही मार्गदर्शकांची पत्रं आली. पहिलं प्रकरण दोघांनाही महिनाअखेर हवं होतं, आपल्याला आधी. मास्तर तिन्ही कागद घेऊन घंटेपाशी गेले. "धाकू," ते म्हणाले, "याच्यासाठी एक गाऱ्हाणं घाल ना."

धाकूने कागदांकडे बघितलं. "ह्येका गाऱ्हाणा नाय, मास्तरानू," तो म्हणाला. "देव आयकता तेवढा आयकल्यान. आता लिवचा ता तुमकाच लागतला."

दहा वर्षं आपण निरनिराळ्या दारांत निरनिराळी गाऱ्हाणीच घालत होतो, हे मास्तरांना एकदम दिसलं. "होय महाराजा," ते हळूच म्हणाले आणि घरी आले.

त्या संध्याकाळी त्यांनी टेबल पुसलं आणि पहिलं पान लिहायला घेतलं. आता ते शहाणे झाले होते. आधी नावं, मग मागणं. त्यांनी ऋणनिर्देशापासून सुरुवात केली. पहिलं नाव दत्तारामचं, राखणदार म्हणून. मग धाकू परब. मग दोन्ही मानकरी, शेजारी शेजारी. मग अध्यक्ष, भाऊ, श्यामसुंदर, प्रेमाकाकू, नववी 'ब', आणि जुनी घंटा. पान भरलं. नऊ वर्षांत न भरलेलं पान पाऊण तासात भरलं म्हणून खूश होऊन ते त्यांनी प्रत करायला मृणालिनीला दिलं.

तिने ते उभ्याउभ्याच वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, मागची बाजूही बघितली आणि परत टेबलावर ठेवलं. "शुद्धलेखनाच्या चुका नाहीत या वेळी," ती म्हणाली. "एक नाव मात्र राहिलंय."

"छे, सगळी घेतली की."

"खिडकीवरचं घेतलंत. दारातलं राहिलं. सगळ्या प्रती कुणी केल्या? दोनशेआठला कुणी वाचवलं?"

मास्तरांनी पानाकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पेन उचललं आणि दत्तारामच्याही वर, समासात, जिथे मुलांना ते कधी लिहू देत नसत तिथे, तिचं नाव लिहिलं.

मृणालिनीने वाकून ते नीट तपासलं. 'मृ' बरोबर होता. मग तिने दिवा त्यांच्या बाजूला सरकवला, कोऱ्या कागदांची चळत पुढ्यात ठेवली आणि अगदी भाऊंच्या आवाजात म्हणाली, "आता प्रबंधाची प्रगती कळवावी."